तेझेला आठवडाभर राहायचंय, तयारी काय करावी?

प्रश्न
ऑगस्टमध्ये जर्मनीहून फ्रान्समधल्या तेझेला रविवार ते रविवार जायचं ठरतंय. वय २४, ख्रिस्ती नाही, शाकाहारी आहे. तिथे दिवस कसा जातो? प्रार्थनेला बसावंच लागतं का? राहण्या-जेवणाची सोय कशी असते? आणि सोबत काय घेऊ?

उत्तर १
हॉटेल किंवा पर्यटनस्थळ समजून जाऊ नका. १९४० मध्ये ब्रदर रोजे यांनी सुरू केलेला हा मठ आहे, आणि तिथल्या ब्रदर्समध्ये प्रोटेस्टंट व कॅथलिक दोन्ही आहेत. दिवस तीन प्रार्थनांभोवती फिरतो: सकाळी सव्वाआठ, दुपारी १२.२०, रात्री साडेआठ. घंटा वाजली की सगळं थांबतं. सकाळी ब्रदरचं बायबलवर बोलणं, नंतर छोट्या गटांत चर्चा आणि रोजचं एखादं काम. भांडी घासणं, वाढणं, संडास धुणं यातलं काहीही वाट्याला येईल. कामं पाहुण्यांनीच करायची, त्याशिवाय एवढ्या लोकांचं चालणार नाही.

धर्मांतराचं दडपण नसतं, पण प्रार्थना टाळून राहणं तिथे बसत नाही. जमिनीवर बसून एकेक ओळ पुन्हापुन्हा गायची, अगदी नामस्मरणासारखी. मग बराच वेळ पूर्ण शांतता. नवख्याला ही शांतताच जड जाते: पहिल्या दोन दिवशी मन घड्याळाकडे धावतं, बुधवारपर्यंत स्थिरावायला लागतं. म्हणून दोन दिवसांसाठी जाण्यापेक्षा तुमचा पूर्ण आठवड्याचा बेत योग्यच आहे. शुक्रवारी रात्री क्रूस आडवा ठेवून त्याभोवती प्रार्थना होते, शनिवारी मेणबत्त्या पेटतात. या दोन रात्री चुकवू नका.

मिस्सा या उपासनेत मिळणारं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकरी, घेऊ नका, ते ख्रिस्ती श्रद्धाळूंसाठी असतं. बाकीच्यांसाठी आशीर्वाद दिलेली भाकरी ठेवतात, ती घेतलीत तरी चालते.

उत्तर २
सामानाचं सांगते. स्लीपिंग बॅग हवीच, मग बराकीतल्या दुमजली खाटेवर झोपा किंवा स्वतःच्या तंबूत. तंबू नेणार असाल तर खाली अंथरायची चटई आणि पाऊस अडवणारं वरचं कापड (फ्लाय) तपासून घ्या. तेझे बर्गंडी भागातल्या टेकडीवर आहे, तिथे ऑगस्टच्या रात्रीही गार पडतात, आणि फक्त टी-शर्ट भरून गेलेली माणसं तिसऱ्या रात्री स्वेटर शोधत फिरतात. स्वेटर, रेनकोट, टॉर्च, कानात घालायचे बोळे, पॉवरबँक आणि बसायला एक छोटी उशी घ्या. मांडी घालून बसायची सवय आपल्याला असते, पण रोज तीनदा जमिनीवर बसायचंय.

जेवण साधं: सकाळी पाव, लोणी, चहा, नंतर भात, पास्ता, मसूर असं काही. एकच चमचा मिळतो. शाकाहारी असल्याचं पोचल्यावर सांगा आणि रांगेत वाढणाऱ्यालाही विचारा, कारण रश्शात मांस असू शकतं. चिवडा-लाडूचा डबा जवळ असलेला बरा.

उत्तर ३
प्रवासात गडबड होते ती तेझेजवळच्या माकों शहरात. दोन स्टेशनं आहेत, माकों व्हिल आणि माकों-लोशे टीजीव्ही (अतिजलद गाड्यांचं), आणि त्यांच्यात बरंच अंतर. तिकिटावरचं नाव बघून बसचं वेळापत्रक पाहा. बस तेझेला थांबते, पण रविवारी फेऱ्या कमी असतात, तेव्हा शेवटच्या बसच्या भरवशावर राहू नका.

नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. खर्च रात्रीच्या हिशेबाने, कुठल्या देशात राहता त्यावर ठरतो. पासपोर्ट आणि जर्मनीचं रहिवासी कार्ड दोन्ही ठेवा. जर्मनीतला आरोग्यविमा सरकारी योजनेचा असेल तर विम्याच्या कार्डामागे युरोपीय विमा कार्ड छापलेलं आहे का, ते आत्ताच बघा.

प्रश्न
रात्री उशिरापर्यंत गप्पांना जागा असते का?

उत्तर १
ओयाक नावाची जागा आहे. रात्रीच्या प्रार्थनेनंतर तिथे गाणी-गप्पा चालतात. साधारण साडेअकरानंतर मात्र शांतता पाळायची, तंबूतसुद्धा.