एमजीबीच्या तारांच्या चाकांना टायर कोणते? स्विफ्टचे 165/80 चालतील का?

होटगीरोडची_एमजी (सोलापूर)

नमस्कार मंडळी.

आमच्या अप्पांची 1967 ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स गाडी. लाल रंग, तारांची चाकं, 1798 सीसीचं इंजिन. इंजिन गेल्या हिवाळ्यात उघडून नीट केलं. ब्रेक झाले, किंगपिन झाले. आता टायर राहिलेत आणि तिथे घरात दोन तट पडलेत.

सध्या गाडीवर फियाटचे, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचे 5.20-14 क्रॉसप्लाय (तिरक्या दोऱ्यांचे, जुन्या पद्धतीचे टायर) आहेत. परमिटच्या काळात 14 इंची रिमसाठी सोलापुरात हाताशी मिळायचे ते हेच, म्हणून अप्पांनी पहिल्यापासून तेच घातले आणि पुढेही चालू ठेवले. कंपनीचा मूळ साइझ 5.60-14 होता, नव्या बांधणीचे रेडियल टायर आल्यावर 155 आणि 165 (मिलिमीटर रुंदी) झाला. म्हणजे पद्मिनीचा टायर या गाडीला तसाही अरुंदच. बाजूला डॉटच्या ओळीत (टायर कधी बनला ते जिथे छापतात) शेवटचे आकडे 1409 आहेत, 2009 सालचा 14 वा आठवडा. नक्षी जवळपास शाबूत आहे. पण गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 ला टेकतो हे सोलापूरकरांना सांगायला नको. रिमच्या कडेला साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक भेगा दिसतात आणि रबरात नख रुतत नाही. स्टेपनीवर तर तीनच आकडे आहेत, म्हणजे ती 2000 च्या आधीची.

अप्पांचं म्हणणं, क्रॉसप्लायच हवेत. त्यांनी ही गाडी तुळजापूरच्या घाटात पावसातसुद्धा चालवलीय, आणि ते म्हणतात की क्रॉसप्लाय सुटायच्या आधी हाताला सांगतो. त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण आता चालवणार मी आहे. मला ही गाडी रविवारी पहाटे नळदुर्गपर्यंत न्यायची आहे, हैदराबादच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेतून, ब्रेक मारला तर सरळ थांबेल या भरवशावर. प्रदर्शनात दोरी लावून उभी करायला मी तिच्यावर एवढा खर्च केलेला नाही.

दुकानात विचारलं तर लगेच 175/65 आर14 (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचांत) काढून दाखवले. "ताई, हेच बसतात, चौदा इंच म्हणजे चौदा इंच." मला ते पटलं नाही, टायर बघताक्षणी बुटका वाटला. दुसरीकडे असं कळलं की स्विफ्ट आणि डिझायरच्या खालच्या मॉडेलला 165/80 आर14 यायचे. आकड्यावरून हे आपल्या जुन्या 165 च्या अगदी जवळ दिसतात. तिसरा पर्याय पिरेलीचा सिंटुराटो सीए67, जुन्याच नक्षीत 165 एचआर14 अजून बनतो, पण तो बाहेरून आणायचा.

तर विचारायचं असं की 165/80 बिनधास्त घ्यावेत का? तारांच्या चाकावर ट्यूबलेस टायर घालताना काय सांभाळायचं? आणि बाहेरून मागवण्यात काही अर्थ आहे का? तारांची चाकं काढणार नाही, हे आधीच सांगते.

---

बार्शी_टर्बो

ताई, गाडी एकदम कडक! माझं मत विचाराल तर 15 इंची अलॉय आणि रुंद लो-प्रोफाइल टाका, रस्ता सोडणार नाही. तारांची चाकं जपून ठेवा, रॅलीला लावा.

---

होटगीरोडची_एमजी

धन्यवाद भाऊ. पण या गाडीला चार-पाच नटांचं हब नाही. दातेरी हब आणि मधे एकच मोठा नट. साधं अलॉय बसवायचं तर हब, मागचा अॅक्सल सगळंच बदलावं लागेल. आणि पॉवर स्टिअरिंग नाही, रुंद टायर लावून सात रस्त्याच्या गर्दीत गाडी वळवायची तर खांदे निघतील.

---

नाना_टायरवाले (मिरज)

ताई, आधी एक सांगतो. ते 2009 चे टायर लावून गाडी आता गावाबाहेर काढू नका. नक्षी शिल्लक म्हणजे टायर चांगला, ही समजूत ट्रकवाल्यांतही आहे आणि तिच्यापायी काय होतं ते मी या धंद्यात जन्मभर बघितलंय. टायर झिजतो तसा म्हाताराही होतो. ऊन आणि हवेतला ओझोन साइडवॉल खातात. रबर तडकू नये म्हणून त्यात मेण घातलेलं असतं, ते टायर फिरता-दबता राहिला तरच वर येत राहतं. म्हणून उभ्या गाडीचा टायर चालत्या गाडीच्या टायरच्या आधी तडकतो. मोठ्या कंपन्या स्वतःच सांगतात की दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदला. तुमच्या स्टेपनीचं तर नावच नको.

आता साइझ. जुन्या 165 आर14 वर उंचीचा दुसरा आकडा लिहिलेला नसायचा, उंची रुंदीच्या साधारण 82 टक्के धरायची. त्या हिशेबाने पूर्ण व्यास 626 मिलिमीटर होतो. 165/80 चा 620. फरक जेमतेम एक टक्का, मीटरला कळणारही नाही. दुकानात दाखवलेला 175/65 मात्र 583 चा. मीटरवर 60 दिसेल तेव्हा गाडी 56 ने चाललेली असेल, इंजिन त्याच वेगाला जास्त ओरडेल, आणि गाडी 21 मिलिमीटर खाली बसेल. एमजीबीचा सायलेन्सर मुळातच जमिनीला टेकलेला. आपल्याकडचे गतिरोधक कुठल्या मापाने बांधतात ते तुम्ही बघताच. तुमच्या डोळ्याला तो टायर बुटका वाटला, ते बरोबरच वाटलं.

भाराची आणि वेगाची काळजी नको. या टायरवर बहुधा 85टी लिहिलेलं सापडेल. 85 म्हणजे एका टायरला 515 किलो, टी म्हणजे ताशी 190 किलोमीटर. तुमची गाडी टनाच्या आत, आणि ती नवी होती तेव्हासुद्धा तिचा वेग ताशी शंभर मैलांच्या थोडा वर जायचा. 185/70 च्या मोहात पडू नका. तारांच्या चाकावर तो बऱ्याच एमजीबींना मागे मडगार्डच्या आतल्या कडेला घासतो. शिवाय टायरची पकड वाढली की वळणावरचा ताण आऱ्यांवर येतो.

खरं काम ट्यूबचं आहे. तुमच्या रिमला प्रत्येक आऱ्याचं भोक आहे, तिथून हवा जाणारच. तेव्हा टायर ट्यूबलेस असला तरी आत ट्यूब हवीच. पण ट्यूबलेस टायरची आतली बाजू ट्यूबचा विचार करून बनवलेली नसते. आत बारीक उंच रेघा असतात, कधी बारकोडचा कागद चिकटलेला असतो. रेडियलची साइडवॉल सारखी दबते-उठते, ट्यूब त्या रेघांवर घासत राहते, तापते आणि एक दिवस जाते. ट्यूबमधली हवा निघाली की टायर एकदम बसतो, ट्यूबलेससारखा हळूहळू नाही. म्हणून टायर बसवायच्या आधी स्वतः आत हात फिरवा. कागद असेल तर काढून टाका, डिंकसुद्धा पुसा. आत टाल्कम पावडर मारा. ट्यूब रेडियलचीच मागा, 165-14 ची, नवी. जुनी फियाटची ट्यूब "चालतीय की" म्हणून कुणी घालत असेल तर उठून या. रिमच्या आत आऱ्यांच्या निपलवर रबरी पट्टी सलग बसलीय का बघा, आणि कुठल्या आऱ्याचं टोक वर आलं असेल तर आधी कानशीने घासून घ्या.

टायर उतरलेलेच असतील तेव्हा आरे वाजवून बघा. चमच्याने एकेक आरा टिचकवत जायचं. ताणलेला आरा खणखणतो, सैल असेल तो बद्द वाजतो. दोन-चार सैल असतील तर कसून घेता येतात. निम्मे बद्द वाजले तर चाक आऱ्यांच्या माणसाकडेच न्या.

बॅलन्सिंगला साध्या मशीनचा शंकू चालत नाही. तारांचं चाक हबवर निमुळत्या बाजूंनी मध्यात येतं, त्याला तसाच अॅडॅप्टर हवा. तो नसेल तर मशीन खोटा आकडा दाखवतं आणि गाडी 80 ला थरथरते. आणि नट! डाव्या बाजूचे सरळ आट्याचे, उजव्या बाजूचे उलट्या आट्याचे. हवेची गन लावू द्यायची नाही. तांब्याची हातोडी घेऊन तुम्ही स्वतः उभ्या राहा.

---

कोथरूडचा_बी (पुणे)

माझ्याकडे 1970 ची एमजीबी आहे, स्टीलची चाकं, 165/80 देशी टायर. नानांनी सांगितलंय त्यात साइझबद्दल भर घालण्यासारखं काही नाही. उंच साइडवॉलमुळे गाडी दिसतेही बरोबर, बाजूने बघितलं की मडगार्ड भरलेलं दिसतं.

सिंटुराटोबद्दल: एका मित्राची तशी गाडी मी चालवलीय. छान टायर आहे, यात वाद नाही. स्टिअरिंग मधून हलवायला लागलं की लगेच बोलतं, आणि रस्त्याचे लहान खड्डे मऊ लागतात. पण 2020 च्या जूनमध्ये सरकारने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित केली. डीजीएफटीचा (परदेशी व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो, शिवाय गाडीच्या टायरला इथे आयएसआयची खूण सक्तीची आहे. पाच टायरसाठी एकट्या माणसाने हे करणं मला झेपलं नाही, तुम्हालाही सुचवणार नाही. आणि आपल्या उन्हात टायर नक्षी झिजून जात नाही, वयाने जातो. दर सहा-सात वर्षांनी बदलावा लागणार असेल तर जो गावात मिळतो तोच शहाणपणाचा.

घेताना तारीख बघाच. 14 इंची मागणी कमी होत चाललीय, दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल सापडतो. मी चालू वर्षाचेच मागवून घेतले, चार दिवस थांबावं लागलं एवढंच.

---

होटगीरोडची_एमजी

नाना, कोथरूडकर, दोघांचेही मनापासून आभार. सगळं अप्पांना वाचून दाखवलं. 583 आणि 626 चा हिशेब त्यांनी स्वतः पाटीवर मांडून बघितला आणि 175/65 चा विषय तिथेच संपला. सिंटुराटो मीही सोडला. साध्या टायरवर गाडी दर आठवड्याला चालणार असेल तर मला तेच जास्त मोलाचं आहे.

दोन गोष्टी राहिल्या. अप्पा विचारतात, रेडियल घाटात अचानक सुटतो का? आणि त्यांचं म्हणणं असं की आधी पुढचे दोनच रेडियल लावू, महिनाभर चालवू, फरक पटला तर मागचे. हवा किती ठेवायची तेही सांगा.

---

नाना_टायरवाले (मिरज)

अप्पांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं पहिलं म्हणणं खरं आहे. क्रॉसप्लायमध्ये दोरे तिरके, एकावर एक आडवे जातात, त्यामुळे साइडवॉल आणि नक्षी एकमेकांना बांधलेली. वळणावर सगळा टायर पिळतो, नक्षीची एक कड उचलते, गाडी लवकर आणि हळूहळू सरकते, हाताला कळतं. रेडियलचे दोरे सरळ आडवे आणि नक्षीखाली पट्टा. साइडवॉल वाकते पण नक्षी रस्त्यावर सपाट राहते. म्हणून पकड बरीच जास्त, ओल्या रस्त्यावर तर फारच. सुटतो तेव्हा क्रॉसप्लायपेक्षा कमी सांगून सुटतो, पण ज्या वेगाला सुटेल त्या वेगाने तुळजापूरच्या घाटात कुणी जाऊच नये.

दुसरं मात्र अजिबात करू नका. पुढे रेडियल, मागे क्रॉसप्लाय ही सगळ्यात वाईट जोडी. पुढची चाकं धरून ठेवतात, मागची आधी सोडतात, आणि गाडी शेपटाकडून फिरते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत ते सावरायला वेळ मिळत नाही. पाचही एकाच दिवशी, स्टेपनीसकट. स्टेपनी जुनी क्रॉसप्लाय राहिली तर पहिल्या पंक्चरलाच हीच वेळ येईल.

हवा: हँडबुकात रेडियलला पुढे 21, मागे 24 पाउंड आहे. मी आजच्या टायरला पुढे 24, मागे 26 वर सुरुवात करीन आणि चालवून एखाद-दुसरा पाउंड बदलीन. पंपावरचा पोरगा सवयीने 33 भरेल, त्याला आधी सांगा. टायरवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा आहे, भरायचा नाही. हवा पहाटे, गाडी हलायच्या आधी बघायची. पाच-सहा अंशांनी पाउंडभर वाढते, तुमच्या मे महिन्यातल्या दुपारचा काटा बघून हवा सोडलीत तर सकाळी टायर बसलेला मिळेल. नवे टायर पहिले शे-दोनशे किलोमीटर सबुरीने चालवा, वरचा गुळगुळीत थर निघू द्या. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असतात ते माप, पुन्हा तपासून घ्या, टायरची जात बदलली की ते बघावंच लागतं.

आणि जुने पाचही टायर दुकानात तसेच सोडून येऊ नका. नक्षी चांगली आहे, कुणीतरी उचलून दुसऱ्या गाडीला लावील. साइडवॉल कापायला लावा, तुमच्यासमोर, मग भंगारात द्या.