टेस्टिंगमध्ये कुणाचं इंजिन भारी आणि कुणाची वळणावरची पकड, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

अक्कलकोटरोडकर
फॉर्म्युला वनचं टेस्टिंग, म्हणजे हंगामाआधीचा गाड्यांचा सराव, चालू झालं की आमच्या घरात भांडण ठरलेलं. बहारीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं, त्यामुळं तिथलं संध्याकाळचं सत्र ऐन जेवणाच्या वेळी येतं. ताटात भाकरी अन् शेंगाचटणी, हातात मोबाइल, आई ओरडतेय. काल चुलतभाऊ म्हणाला, "स्पीड ट्रॅपला, म्हणजे सरळ रस्त्यावर वेग मोजतात तिथं, जो वर, त्याचं इंजिन भारी. विषय संपला." मला काही पटलं नाही. त्याची लाडकी गाडी सरळ रस्त्यावर सुसाट जाते, पण ट्रॅकच्या मधल्या सेक्टरच्या (टप्प्याच्या) वळणांत रोज मागं पडते. मग खरी पुढं कोण?

विजापूरवेस
लॅपच्या, म्हणजे एका फेरीच्या, टायमिंगवर तर जाऊच नको. टाकीत 10 किलो इंधन जास्त असलं की लॅपला साधारण 0.3 सेकंद जातात. कोण 10 किलोवर पळतोय अन् कोण 60 वर, हे कुठली टीम सांगणार? शिवाय ऊन उतरल्यावर ट्रॅक थंड होतो, तेव्हा दुपारच्या अन् संध्याकाळच्या वेळा एका तागडीत घालू नको.

तुळजापूरघाट
तामलवाडीपर्यंत मित्राची बुलेट कायम माझ्या पुढं. घाट लागला की मी पुढं. एवढंच सांगतो.

जॉबरकाका
पोरा, मी 28 वर्षं यंत्रमागावर जॉबर आहे, माग दुरुस्त करणारा. मोटर मोठी बसवली म्हणून कापड जास्त निघत नाही. ताणा (उभे धागे) तुटायला लागला की त्या मोटरला काय चाटायचंय?

ट्रॅपच्या आकड्यात इंजिन असतं तसा पंखही असतो. मागचा पंख सपाट ठेवला की तेच इंजिन जास्त पळतं, मात्र वळणावर गाडी घसरते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, अन् तो रेटायला लागणारी ताकद घनानं. म्हणून मी सरळ रस्त्याचा शेवट बघतच नाही. गाडीवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ लाव, कोपऱ्यात वेग दिसतो. ताशी 150 किलोमीटरवरून 250 ला जायला किती सेकंद लागतात ते मोज. त्याच्या आधी मागच्या टायरची पकड आड येते, त्याच्या बऱ्याच पुढं हवा. मधे इंजिन त्यातल्या त्यात स्वच्छ दिसतं.

वळणाचा हिशेब निराळा. पंखांचा दाबही वर्गानंच वाढतो, 200 ला 100 च्या चौपट. म्हणजे हळू वळणावर टायर अन् सस्पेन्शनचं काम, वेगवान वळणावर हवेचं. प्रत्येक वळणाचा सगळ्यात कमी वेग वहीत लिही. आणि डोळे मिटून आवाज पण ऐक, ड्रायव्हर गॅस कुठं सोडतो ते कळतं. मागाची खटखट ऐकूनच आम्ही बिघाड सांगतो की.

2019 ला मीही फसलो होतो. बार्सेलोनाच्या टेस्टिंगला व्हेटेलची फेरारी 1:16.221, हॅमिल्टनची मर्सिडीज 1:16.224. आम्ही म्हटलं, झालं, यंदा लाल गाडी. मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत मर्सिडीजचा बोटास जिंकला, फेरारी चौथी अन् पाचवी. मे महिन्यात त्याच बार्सेलोनातल्या शर्यतीत मर्सिडीज पहिली-दुसरी, फेरारी पुन्हा चौथी-पाचवी. मग स्पा अन् मोंझाचे ट्रॅक आले, तिथं सरळ रस्ते लांबलचक, दोन्हीकडं फेरारीचा लेक्लेर जिंकला. इंजिन होतंच त्यांच्याकडं, वळणावर जात होतं.

अक्कलकोटरोडकर
काका, काल रात्री वही घेऊन बसलो. 150 ते 250 ला दोन्ही गाड्या सारख्याच निघाल्या, फरक पडला तो 280 च्या पुढं. म्हणजे पंखच ना? भावाला दाखवलं तर म्हणतो, "आमची गाडी टाकी भरून पळत होती."

जॉबरकाका
म्हणू दे. खरंच भरून पळत असेल तर वजन जास्त असूनही सारखी निघाली, म्हणजे त्याचं इंजिन भारीच. एकदम पाच-सहा लॅप पळते का, का दीडेकशे किलोमीटर सलग, तेवढं बघून ठेव. लांब पळणाऱ्याच्या टाकीत सुरुवातीला इंधन असणारच.