उत्तर: नुसतं फॉलिक अ‍ॅसिड चालेल का?
वर ताईंनी विचारलंय की हिमोग्लोबिन वाढलंय पण पायाला मुंग्या येतात, मग नुसतं फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवलं तर चालेल का, तर प्लीज आधी व्हिटॅमिन बी१२ तपासून घ्या. बी१२ कमी असताना एकटं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं की रक्ताचा रिपोर्ट सुधारतो पण नसांचं (म्हणजे मज्जातंतूंचं) नुकसान आतल्या आत चालूच राहतं, तुम्ही म्हणताय त्या पायाच्या मुंग्या त्याच्याच असू शकतात आणि उशीर झाला तर ते सगळं भरून येईलच असं नाही. शाकाहारी असाल किंवा शुगरसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर जास्तच जपा. बाकी फोलेटचा (फॉलिक अ‍ॅसिड हा त्याचाच एक प्रकार) शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे बरं का! १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या डॉक्टर इथे आल्या, गिरणी कामगार गरोदर बायकांचा अ‍ॅनिमिया त्यांनी यीस्टच्या अर्काने बरा करून दाखवला, आणि त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फोलेट हे पुढे कळलं.