मॉर्फिन चालू आहे, तरी बाबांच्या पायाची आग थांबत नाही – मदत हवी आहे

कपाशीवाला (यवतमाळ जिल्हा): बाबांले मॉर्फिनची गोळी चालू आहे. कमरेचं दुखणं बरंच उतरलं, पण डाव्या पायात करंट मारल्यासारखं होते. धोतराचा काठ लागला तरी ओरडतात. डॉक्टर म्हणाले, गोळी मणक्यातल्या रिसेप्टरवर, म्हणजे औषध चिकटते त्या जागेवर, काम करते. मग पायावर काऊन नाही? डोस वाढवू का? लवकर सांगा.

वर्धेकर: आजार कोणता? किती मिलिग्राम, किती तासांनी? मनानं डोस वाढवू नका.

तुरीचं_वावर: मॉर्फिन म्हणजे अफूच. बंद करा, निरगुडीचं तेल कोमट करून चोळा. आमच्या मामंजींची सायटिका त्यानंच गेली.

वर्धेकर: अचानक बंद केलं तर घाम, जुलाब, तडफड. असं सांगू नका भाऊ.

तुरीचं_वावर: गावात व्यसनानं घरं बसलेली पाहिली आहेत मी.

कपाशीवाला: प्रोस्टेटचा कॅन्सर, मणक्यात पसरला. 10 मिलिग्राम, दर 4 तासांनी. माझ्या प्रश्नाचं बोला ना.

भूल_विभाग: पायाकडून येणारी नस मज्जारज्जूच्या मागच्या भागात संपते, तिथून पुढची पेशी दुखण्याचा निरोप वर मेंदूकडे नेते. या जोडावर दोन्हीकडे म्यू नावाचे रिसेप्टर असतात. मॉर्फिन त्यांना चिकटलं की नसेच्या टोकाचे कॅल्शियमचे मार्ग मिटतात, ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही निरोप पोचवणारी रसायनं कमी सुटतात. पुढच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, ती सहजी चेतत नाही. पण नसच दबली असेल, तर मज्जारज्जूतल्या पेशी जास्तच चेतलेल्या राहतात. नुसता काठ लागला तरी दुखतं ते त्यामुळे. तिथे एकटं मॉर्फिन बहुधा कमी पडतं. गॅबापेंटिनसारखं नसांच्या दुखण्यावरचं औषध जोडायचं का, डॉक्टरांना विचारा. पायात जोर आहे का? लघवी होते का?

गादीवाला_भाऊ: पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घ्या.

आर्वीची_सून: शौचाचंही औषध मागा. आतड्यातही हेच रिसेप्टर आहेत, सासऱ्यांचं पोट पार गच्च झालं होतं. आणि गोळी तरी कुठं मिळते? 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी सैल झाला, आम्ही अजून नागपूरलेच जातो.

कपाशीवाला: कालपासून उभं राहता येत नाही. लघवी सकाळपासून नाही. म्हातारपणानं असंन म्हटलं.

भूल_विभाग: मज्जारज्जू दबत असेल. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात. आत्ताच 108 ला फोन लावा, आडवंच न्या, बसवू नका. आधीचा एमआरआय रिपोर्ट असेल तर सोबत घ्या, शेवटची गोळी किती वाजता दिली ते चिठ्ठीवर लिहा.

कपाशीवाला: लावला फोन. कोणत्या दवाखान्यात नेऊ?

भूल_विभाग: जिथं एमआरआय आणि रेडिएशन दोन्ही आहे तिथं. निघताना त्यांना फोनवर सांगून ठेवा.