सुक्या फळांपासून घरी यीस्ट: दोनदा फसलं, एकदा अर्धवट जमलं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे सासरे मूळचे म्हापशाचे. पोईचा (गोव्याच्या कोंडा घातलेल्या गोल पावाचा) विषय निघाला की ते हमखास सांगतात, "आमचा पोदेर पीठ सुरेवर फुगवायचा, तो वास पुड्यातल्या यीस्टला यायचा नाही." पोदेर म्हणजे पाववाला, सूर म्हणजे ताडी. आता ते ऐंशीला टेकलेत, प्रवास झेपत नाही. त्यांना एकदा तरी तशी पोई घरी करून खाऊ घालायची माझी फार इच्छा आहे. पुण्यात ताडामाडाची ताजी सूर कुठून आणणार? म्हणून सुक्या फळांवरचं यीस्ट वाढवून बघायचं ठरवलं. महिनाभर खटपट चालू आहे. काय केलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे चूक कुठे झाली ते तुम्हाला सांगता येईल.

आधी घरातलेच पिवळे बेदाणे घेतले. 100 ग्रॅम बेदाणे, 300 मिली उकळून गार केलेलं पाणी आणि चमचाभर साखर, सगळं धुऊन वाळवलेल्या काचेच्या बरणीत. सकाळ-संध्याकाळ बरणी हलवायची, झाकण उघडून परत सैलसर लावायचं. आठवा दिवस उजाडला तरी बेदाणे टम्म फुगून तळाशीच. बुडबुडा नाही की वास नाही.

मग वाण्याकडून सुट्या काळ्या मनुका आणल्या. प्रमाण आणि पाणी तेच. तिसऱ्या दिवशी चार-पाच मनुका वर आल्या, पाचव्या दिवशी सगळ्या तरंगायला लागल्या. झाकण उघडलं की फस्स आवाज, वाइनसारखा गोडसर वास, तळाला पांढरट गाळ. इतका आनंद झाला की त्याच दिवशी पाणी गाळून त्यातलं 230 मिली घेतलं आणि 350 ग्रॅम कणीक भिजवली. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवली. सकाळी किंचित वर आल्यासारखी वाटली. दुपारपर्यंत थांबून भाजली, तर आतून चिकट आणि जड. कुणालाच खाववली नाही.

तिसऱ्या वेळी अंजीर घेतले. मधेच दोन दिवस गावी जावं लागलं, बरणी कुणी हलवली नाही. आल्यावर बघते तर वरच्या अंजिरांवर हिरवट बुरशी. सगळं टाकून दिलं.

बेदाण्यांना काहीच का झालं नाही? आणि मनुकांचं पाणी एवढं फसफसत असताना कणीक का फुगली नाही? सध्या रात्री पारा 11-12 अंशांवर उतरतोय, त्याचा हा परिणाम असेल का?

प्रतिसाद

ताई, बेदाण्यांचं मी सांगतो. माझं गाव तासगावजवळ, आमचं बेदाण्याचं शेड होतं. द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि माल लवकर वाळतो. मग जाळीच्या रॅकवर सावलीत पंधरा-एक दिवस. पिवळा रंग टिकावा म्हणून शेवटी बंद जागेत गंधकाची धुरी देतात. तो गंधक यीस्टला वाढू देत नाही. तुमची काही चूक नाही, तो मालच या कामाचा नव्हे. पाकिटावर प्रिझर्व्हेटिव्ह 220 किंवा 224 असं छापलेलं असेल तर ते घेऊ नका. काळ्या मनुकांना सहसा धुरी नसते, त्याच बऱ्या.

प्रतिसाद

तुमचं मनुकांचं पाणी उत्तम झालं होतं, घाई झाली ती कणीक भिजवताना. त्या पाण्यात यीस्ट जिवंत असतं, पण एवढी कणीक एका रात्रीत उचलायला पुरेसं नसतं. शिवाय फळावरच्या यीस्टला द्राक्षातली साखर लगेच खाता येते, पिठातली माल्टोज नावाची साखर सगळ्या जातींना पचत नाही. ज्या जातींना ती पचते त्यांना वाढायला अवधी द्यावा लागतो. तळाचा पांढरा गाळ म्हणजेच यीस्ट, तो खाली सोडून देऊ नका. बरणी हलवून गाळा. 50 ग्रॅम पाणी आणि 50 ग्रॅम पीठ कालवून ठेवा. दुप्पट झालं की त्यात आणखी 100 ग्रॅम पीठ आणि 100 ग्रॅम साधं पाणी. तेही दुप्पट झालं की मगच पोईची कणीक.

थंडीचा परिणाम होतोच. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलंत तर 26-27 अंशांची ऊब सहज मिळते. घड्याळाकडे बघू नका, पीठ किती वर आलं ते बघा. बरणीला रबर बँड लावून खूण करा.

बुरशीचं कारण एकच, वर आलेलं फळ कोरडं राहिलं. दिवसातून दोनदा हलवलं की ते ओलं राहतं आणि बुरशीला जागा मिळत नाही. हिरवं, काळं, गुलाबी काहीही दिसलं तर टाकून द्यायचं, वरवर काढून उरलेलं वापरायचं नाही.

धागाकर्तीकडून, नऊ दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. घरातलं बेदाण्याचं पाकीट उलटून बघितलं, 220 लिहिलेलं आहे. इतकी वर्षं वापरतेय, कधी वाचलं नव्हतं.

काळ्या मनुकांचं पाणी परत केलं. पहिलं पीठ दुप्पट व्हायला नऊ तास लागले, दुसरं पाच तासांत वर आलं. काल चार पोया भाजल्या. तीन फुगल्या, एक चपटीच राहिली. सासऱ्यांनी पोई फोडून आधी नाकाशी नेली, मग मुकाट्याने दीड पोई खाल्ली. नंतर म्हणाले, "वास जवळपास आलाय गो. पण कोंडा कमी पडला."

तर आता एवढंच सांगा, गव्हाचा कोंडा स्टार्टरच्या (आधी फुगवून घेतो त्या) पिठातच घालू, की शेवटच्या कणकेत? तो भरपूर पाणी ओढतो, म्हणून शेवटी घातला तर कणीक घट्ट होईल अशी भीती वाटते. येत्या रविवारी परत करणार आहे.