सातवीला दर शुक्रवारी कोड्यांचा तास. चारच मुलं सोडवतात, बाकीची उत्तराची वाट बघतात

खडूफळा_कुर्ला

मराठी माध्यम, सातवी, पट ५२, तास ३५ मिनिटांचा. शुक्रवारचा शेवटचा तास कोड्यांना दिला आहे. आतापर्यंत आगकाड्या, जादूचे चौरस, संख्यामालिका, वयांची गणितं झाली. दर वेळी तेच: दुसऱ्या मिनिटाला पुढच्या बाकावरून कोणीतरी उत्तर ओरडतं आणि बाकीचा वर्ग ते वहीत उतरवून घेतो. तेच कोडं 'ब' तुकडीत न्यावं, तर उत्तर मधल्या सुट्टीतच तिथे पोचलेलं असतं. सगळ्यात खटकतं ते हे की एका कोड्याची युक्ती कळूनही जरा बदललेलं दुसरं कोडं सुटत नाही. पालक विचारतात, याचा शिष्यवृत्तीला काय उपयोग?

कोडी कोणती घ्यावीत आणि तास कसा चालवावा, दोन्ही सांगा. साहित्य म्हणजे फळा, खडू, कागद. प्रोजेक्टर धरू नका.


हातचा_एक

आधी आगकाड्या बंद करा. त्यात एकच मेख असते. ती सापडली तर कोडं सुटलं, नाही तर पोरगं पंधरा मिनिटं काड्यांकडे बघत बसतं, कारण त्याला करण्यासारखं काहीच नसतं. ५२ च्या वर्गाला असं कोडं हवं की शेवटच्या बाकावरच्याचंही पेन पहिल्या मिनिटाला चालेल, आणि कोणी उत्तर ओरडलं तरी कोडं संपणार नाही.

गणिती द. रा. कापरेकरांचं वजाबाकीचं कोडं घ्या. पण सगळे चार अंकी संख्या आणि ६१७४ पासून सुरू करतात तसं नको, तीन अंकी आधी. प्रत्येकाने आपल्या मनाची तीन अंकी संख्या घ्यायची, तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या, चढत्या क्रमाने लावून लहान, मग वजाबाकी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. उदा. ३८१ घेतली तर ८३१ − १३८ = ६९३, मग ९६३ − ३६९ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५. पुढे कितीही करा, ४९५च. कोणी कुठलीही संख्या घेतलेली असो, सगळ्यांची गाडी त्याच स्टेशनात थांबते. खरा प्रश्न मग सुरू होतो: का?

दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. २११ घेणाऱ्याचं २११ − ११२ = ९९ येतं. ते ०९९ असंच लिहायचं आणि पुढची वजाबाकी ९९० − ०९९ अशी करायची. शून्य गाळलं की ९९ − ९९ = ० होतं आणि "माझं नाही आलं" सुरू होतं. म्हणून सुरुवातीलाच फळ्यावर लिहा: संख्या कायम तीन अंकी. दुसरा घोटाळा हातच्याचा. त्याची तपासणी पोरांच्याच हाती द्या: प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज १८ आलीच पाहिजे, नाही आली तर वजाबाकी पुन्हा. ५२ वह्या बघत फिरावं लागत नाही. मधला अंक कायम ९ असतो हे मात्र सांगू नका, ते त्यांना सापडू दे.

आता 'का'. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क धरले तर वजाबाकी ९९ × (अ − क) येते, ब उडून जातो. म्हणजे पहिल्या पायरीनंतर ०९९, १९८, २९७ असं करत ८९१ पर्यंत नऊच उत्तरं शक्य. ती मुलांच्या वह्यांतून गोळा करून फळ्यावर मांडा. १९८ आणि ८९१ मध्ये अंक तेच, म्हणून तो एक गट. असे पाच गट उरतात आणि बाण काढले की एकच रांग दिसते: ०९९ → ८९१ → ७९२ → ६९३ → ५९४ → ४९५. म्हणजे फार तर सहा वजाबाक्या. सातवीच्या फळ्यावर पूर्ण सिद्धता बसते. चार अंकीत ६१७४ ला पोचायला फार तर सात पायऱ्या, पण पहिल्या पायरीनंतर तिथे ५४ शक्यता उरतात. तास संपतो, 'का' राहून जातं आणि जादूचा प्रयोग बघितल्यासारखं होतं. ६१७४ घरी करायला द्या.

जाता जाता: कापरेकर डहाणूचे, ठाण्यात शिकलेले आणि देवळालीला शाळामास्तर. १२१, १२३२१ या घराण्याच्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं ते डोंबिवली स्टेशनवरून. सेंट्रल रेल्वेच्या पोरांना हे आवडतं.


फास्ट_लोकल

कापरेकरांना पूर्ण मत. पण त्यात नियम हातात दिलेला असतो, पोरं फक्त चालवतात. प्रश्न वाचून चित्र काढायची सवय लावायला वेगळी जात लागते. हे बघा:

"चर्चगेट आणि बोरिवली, दोन्हीकडून दर ५ मिनिटांनी एक लोकल सुटते. प्रवासाला बरोबर ६० मिनिटं लागतात. तुम्ही १०.०० च्या गाडीने चर्चगेटहून निघालात. बोरिवलीपर्यंत समोरून येणाऱ्या किती गाड्या भेटतील?"

(आकडे सोयीसाठी घेतलेत, टाइमटेबल काढून भांडू नका.)

वर्ग १२ म्हणणार, थोडे १३. खरं तर १०.०० ला चर्चगेटात शिरणारी गाडी बोरिवलीहून ९.०० ला सुटलेली असते, आणि आपण ११.०० ला पोचतो तेव्हा तिथून एक सुटत असते. ९ ते ११ म्हणजे १२० मिनिटं, २४ अंतरं, २५ गाड्या. दोन्ही टोकांच्या स्टेशनातल्या सोडल्या तर २३. टोकं धरायची की नाही हे प्रश्नातच स्पष्ट लिहा, नाही तर अर्धा तास त्याच वादात जातो.

चुका दोन जातींच्या आहेत, एकाच औषधाने जात नाहीत. २४ म्हणणारा गाड्यांऐवजी मधली अंतरं मोजतो, खांब आणि तारेच्या गणितातली जुनीच चूक. त्याला पाच बोटं दाखवा आणि मधल्या फटी मोजायला सांगा. १२ म्हणणारा आधीच रुळावर असलेल्या गाड्या विसरतो. त्याला चुकलास म्हणू नका, एवढंच विचारा: "बरोबर दहा वाजता अंधेरीजवळून चर्चगेटकडे निघालेली गाडी बोरिवलीहून दहाच्या आधी सुटली की नंतर?" तेवढ्यावर तो स्वतःच खोडरबर उचलतो. नंतर सांगा की १२ हे उत्तर अगदीच वाया नाही. दादरच्या प्लॅटफॉर्मवर तासभर उभा राहिलेल्या माणसाला एका दिशेने तेवढ्याच गाड्या दिसतात (नेमकं टोक जुळलं तर १३). चाललेल्या माणसाचा प्रश्न त्याने उभ्या माणसाचा समजून सोडवला.

चौकटीच्या वहीत काढून घ्या. आडवी वेळ, उभं अंतर, एक चौकट ५ मिनिटांची, चर्चगेट ते बोरिवली १२ चौकटी. प्रत्येक गाडी म्हणजे चौकटींच्या कर्णांवरून जाणारी तिरकी रेघ. आपली एक रेघ लाल पेनाने काढायची आणि ती किती रेघांना छेदते ते मोजायचं. समोरची गाडी दर अडीच मिनिटांनी का भेटते, हे न सांगता दिसतं.

'ब' तुकडीत ५ च्या जागी ६ मिनिटं करा. टोकं सोडून उत्तर १९. तिथे २३ ओरडणारा कुठून आलाय ते सगळ्यांना कळतं.


तिरकं_पारडं

तास चालवण्याबद्दल कोणी बोलेना. ३५ मिनिटं अशी वाटा: वाचन २, एकट्याने ५, शेजाऱ्याबरोबर १०, फळ्यावर चर्चा १५, वहीत लिहिणं ३. कोडं फळ्यावर लिहून ठेवा, नुसतं तोंडी सांगितलं की निम्मा वर्ग वेगळंच कोडं सोडवतो. घाई झाली की पहिल्यांदा एकट्याची पाच मिनिटं कापली जातात, नेमकी तीच कापू नका. ओरडणाऱ्यांसाठी नियम: उत्तर चिठ्ठीवर लिहून टेबलावर उलटं ठेवायचं, चिठ्ठी ठेवली की बदललेला प्रश्न मिळतो. त्यांना गप्प करायचं नाही, कामाला लावायचं. आणि फळ्यावर आधी बोलवायचं ते अर्ध्यावर अडकलेल्याला. बरोबर उत्तरवाला पहिला आला की बाकीच्यांची डोकी मिटतात.

कोडं सगळ्यांना माहीत असलेलंच: नऊ सारखे दिसणारे लाडू, एक हलका, दोन पारड्यांचा तराजू, वजनं नाहीत. दोन तोलांत हलका लाडू शोधा. पोरं ४-४-१ करतात आणि वर म्हणतात, "सर, पारडी सारखी राहिली तर एकाच तोलात मिळाला!" नशिबावर उत्तर काढणं ही इथली मुख्य अडचण, आणि 'सगळ्यात वाईट झालं तर' हे व्याख्यान देऊन ती जात नाही. त्याऐवजी तुम्हीच तराजू व्हा. नऊ चिठ्ठ्या मांडा, हलकी कोणती हे मनातही ठरवू नका. मुलं ज्या दोन गठ्ठ्यांची तुलना करतील, त्यावर ज्याने जास्तीत जास्त चिठ्ठ्या शिल्लक राहतील तेच उत्तर द्या. ४-४-१ केलं की "डावं पारडं वर गेलं", चार उरल्या, आणि चारांचा निकाल एका तोलात लागत नाही. दोन-तीन डाव हरले की ३-३-३ आपोआप येतं, कारण मग तराजू कितीही खट्याळ असला तरी तीनच उरतात.

मग विचारा: ८ लाडू असतील तर? (दोन तोल.) १०? (दोनांत खात्रीने जमत नाही.) २७? (तीन.) एका तोलाची उत्तरं तीन: डावं वर, उजवं वर, सारखी. दोन तोलांची ३ × ३ = ९. तुम्ही म्हणता ना, एका कोड्यातलं दुसऱ्यात जात नाही. ते या तीन बदलांतून जातं, नव्या कोड्यातून नाही. महिन्याला चार कोडी नकोत, दोन घ्या आणि प्रत्येकाला दोन तास द्या.

एक सावधगिरी: 'एक हलका' च्या जागी 'एक वेगळा' असं लिहाल तर कोडंच बदलतं आणि बरंच अवघड होतं. छापील कागदांवर ही गल्लत दिसते.


खडूफळा_कुर्ला

तराजू स्वतः व्हायचं हे सुचलंच नव्हतं. खरं बोलणारे-खोटं बोलणारे या प्रकाराचं काय? तिथे वर्ग पार गोंधळतो. आणि गुण कसे द्यायचे?


शब्दांकित

तो गोंधळ गणिताचा नाही, भाषेचा आहे. साधं कोडं घ्या. प्रत्येक जण एक तर नेहमी खरं बोलतो किंवा नेहमी खोटं. अ म्हणतो, "आम्ही दोघेही खोटारडे." अ आणि ब कोण? अ खरा असता तर स्वतःला खोटारडा म्हणाला नसता, म्हणून अ खोटारडा. इथवर बहुतेक पोचतात. पुढे 'दोघेही खोटारडे' हे वाक्य उलटं करताना 'दोघेही खरे' करतात, आणि आत्ताच खोटारडा ठरलेला अ पुन्हा खरा होतो. बरोबर उलट म्हणजे 'दोघांपैकी निदान एक खरा'. अ नाही, म्हणून ब खरा.

कोड्याआधी पाच मिनिटं डब्यावर घालवा. "वर्गातल्या सगळ्यांनी आज डबा आणलाय" हे वाक्य खोटं पाडायला बिनडब्याची किती मुलं लागतील? एक. "कोणीच डबा आणला नाही" हे खोटं पाडायला? एक डबा. अशी चार वाक्यं तोंडी झाली की कोडं सरळ जातं. 'किंवा' चंही आधी ठरवून घ्या. आपण "चहा किंवा कॉफी" म्हणतो तेव्हा दोन्ही देत नाही, तर्काच्या कोड्यात मात्र दोन्ही खरं असलं तरी चालतं. आणि 'नेहमी' हा शब्द विसरलात तर "सर, खोटारडाही कधीतरी खरं बोलतो" हा मुद्दा येणार, आणि तो बरोबरच असतो.


हातचा_एक

गुण चार ठेवा: काहीतरी करून बघितलं १, नोंद दुसऱ्याला वाचता येईल अशी १, कारण लिहिलं १, कोडं स्वतः बदलून एक नवा प्रश्न विचारला १. नुसत्या उत्तराला शून्य. हा शून्य पहिल्या शुक्रवारीच जाहीर करा, म्हणजे उतरवून घेणं आपोआप थांबतं.

पालकांना खरं ते सांगा. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. तिथे सराव आणि वेग लागतो, तो वेगळा करून घ्यावा लागेल, शुक्रवारच्या तासाने भागणार नाही. उलट टोकाला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड, जे १९९६ साली मुंबईतच भरलं होतं. तिथे साडेचार तासांना तीन प्रश्न. सातवीच्या पोराला दोन्हीच्या मधलं काहीतरी हवं. एका प्रश्नावर वीस मिनिटं टिकला तरी पुष्कळ.


फास्ट_लोकल

४९५ झालं की कोणीतरी "सर, दोन अंकी घेतली तर?" विचारणारच, तयारीत राहा. ९० − ०९ = ८१, ८१ − १८ = ६३, ६३ − ३६ = २७, ७२ − २७ = ४५, ५४ − ४५ = ०९, आणि पुन्हा ९० − ०९. थांबतच नाही, गोल फिरत राहते. इथेही ०९ चा शून्य सांभाळा.