रेडे अंग धरत नाहीत, खुराक कुठं चुकतोय? मदत हवी आहे

पंचगंगाकाठ:
मुऱ्हा (म्हशीची जात) संकरित दोन रेडे आहेत, वय सव्वा वर्ष. छातीचा घेर ४८ इंच, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी ४० इंच. घेर × घेर × लांबी ÷ ६६० या हिशोबानं प्रत्येकी १४० किलोच्या आसपास. चारा बहुतेक उसाचं वाढं (शेंड्याकडचा हिरवा पाला), जोडीला दिवसाला किलोभर मका भरडा. केस राठ, पोट सुटलेलं, घेर जागचा हलत नाही. जंतांसाठी फेनबेंडॅझोल दिलंय. मका वाढवू का?

गोठा_मिरज:
मका वाढवू नका दादा. वाढ्यात प्रथिनं फार कमी, मक्यातही जेमतेम. प्रथिनांतून मिळणारं नत्र नसेल तर पोटातले जिवाणू चारा फोडत नाहीत. तो तिथंच पडून राहतो. पोट भरलेलं दिसतं, जनावर मात्र उपाशी. त्यात वाढ्यातलं ऑक्झॅलेट नावाचं क्षार कॅल्शियम अडवून धरतं.

वाढं निम्म्यावर आणा आणि कडबा किंवा भाताचा पेंढा युरिया प्रक्रियेचा द्या. १०० किलो सुका चारा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडा, प्रत्येक थर तुडवा, ताडपत्रीनं हवाबंद करून २१ दिवस ठेवा. काढल्यावर दोन-तीन तास पसरल्याशिवाय घालू नका, अमोनियाचा वास उडाला पाहिजे. सुरुवात थोड्यानं करा. सहा महिन्यांखालच्या रेडकांना हा चारा नको. सोबत कच्चं सोयाबीनही नको, त्यानं युरियाचा अमोनिया झपाट्यानं सुटतो आणि विषबाधेचा धोका वाढतो.

१० किलो खुराक असा करा: मका भरडा ४, सरकी पेंड ३, गव्हाचा कोंडा २.७ किलो, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. या वजनाला दिवसाला दीड किलो, दोन वेळांत विभागून. अर्ध्या किलोपासून दोन आठवड्यांत चढवत न्या. एकदम दिलात तर पोटात आम्ल वाढून जनावर चारा सोडतं, पातळ हगतं. ही चूक सर्रास होते.

पंचगंगाकाठ:
रेडे रोज नदीवर सोडतो. त्याचा काही संबंध?

कडबाकुट्टी:
आहे, भाऊ. फेनबेंडॅझोल गोल कृमींवर चालतं, यकृतातल्या पर्णकृमींवर नाही. पाणथळीत गोगलगायींमुळं ते लागतात. राठ केस आणि जबड्याखाली सूज ही त्यांची खूण. दोघांचं ताजं शेण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, औषधाचा डोस वजन सांगून डॉक्टरांकडूनच ठरवा. हे राहिलं तर कितीही चांगला खुराक वाया जातो.

गोठा_मिरज:
हे बरोबर. आधी शेण तपासणी, मग खुराक. घेर दर पंधरवड्याला सकाळी, चाऱ्याआधी, एकाच टेपनं मोजा. चारा खाल्ल्यावर मोजलेला घेर फसवतो.